दुकानातला माळा आणि आपला अंदाज

कापडाच्या धंद्यात जागा नेहमी कमीच पडते. दुकान दहा बाय वीसचे, त्याला जोडून दुसरा गाळा घ्यायचा तर पागडी ऐपतीबाहेरची, आणि रमजान, लग्नसराई, दिवाळी अशा प्रत्येक हंगामाच्या तोंडावर माल मात्र दुप्पट भरावा लागतो. मग नजर वर जाते. छत चौदा फुटांवर, माणूस साडेपाच फुटांचा. मधली सगळी हवा फुकट जाते आहे असे वाटू लागते. सुटीच्या दिवशी दोन हातगाड्या लाकूड येते, दुकानातलीच पोरे हाताशी असतात, एखादा ओळखीचा सुतार अर्ध्या दिवसासाठी मिळतो, आणि मगरीबपर्यंत माळा तयार होतो. दुसऱ्या दिवशी त्यावर गाठी चढतात.

आमच्या बाजारात असे माळे शेकड्याने आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, कुठेही जा, कापडाच्या पेठेत मान वर केली की माळा दिसतोच. त्यातले किती हिशेबाने बांधले आणि किती अंदाजाने, हे मालकांनी आपल्या मनाशी विचारावे. मी माझ्यापुरते सांगतो. माझा अंदाजाने बांधला होता.

1997 च्या पावसाळ्यानंतर मी तो बांधला. वय सत्तावीस, अब्बांनी नुकतेच दुकान माझ्या हाती दिलेले, आणि सुताराला मजुरी कशाला द्यायची हा जोश. दहा फूट बाय बारा फुटांचा माळा. दोन बाजूंच्या भिंतींना लांब फळ्या ठोकल्या, त्यांवर दर दोन फुटांवर दोन बाय चारच्या आडव्या कड्या टाकल्या. जुन्या वाड्यांच्या कडीपाटात असतात तशाच, फक्त त्या सागाच्या आणि जाडजूड असत, माझ्या आंब्याच्या लाकडाच्या होत्या. वर फळ्या. मी स्वतः वर उड्या मारून पाहिल्या. काही हलले नाही. सव्वा वर्ष काही झाले नाही.

जानेवारी 1999 मध्ये, रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, वर पंचावन्न गाठी होत्या. इफ्तारला दहा मिनिटे असतील. सगळे बाहेर ओट्यावर दस्तरख्वान लावत होते, म्हणून आज मी हे लिहू शकतो. आत एकच पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, काउंटरमागे साड्यांच्या घड्या घालत बसलेला. डाव्या भिंतीवरची फळी खिळ्यांसकट निघाली आणि माळा त्या बाजूने खाली आला. पोराची उजव्या पायाची नडगी मोडली. इलाज केला, तीन महिने घरबसल्या पगार दिला, पण तो काही उपकार नव्हता, ते माझ्यावर कर्ज होते. तो आजही माझ्याकडेच आहे, आता त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत, आणि पावसाळा लागला की तो पाय दुखतो.

अब्बा त्या रात्री एवढेच म्हणाले, "मीटरमागे पाच पैशांचा फरक आला तर तू रात्रभर जागतोस. लाकडाचा हिशेब कोणी करायचा होता?"

तर तो हिशेब.

पहिली चूक वजनाची. कापड हातात हलके लागते म्हणून आपण फसतो. 58 इंच पन्ह्याचे साधे शर्टिंग मीटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे शंभर मीटरला साडेसतरा-अठरा किलो. अर्धा किलोची साडी धरली तर हजार साड्यांचा अर्धा टन होतो, आणि हजार साड्या म्हणजे बरा दुकानदार एका भिंतीला लावतो. माझ्या पंचावन्न गाठी सरासरी ऐंशी किलोच्या धरल्या तरी चव्वेचाळीसशे किलो झाले. मी उडी मारून पाहिली तेव्हा माझे वजन बासष्ट किलो होते!

इमारतींवरच्या वजनाचे एक भारतीय मानक आहे, आयएस 875, भाग 2. त्यात राहत्या घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो वजन धरायला सांगितले आहे. किरकोळ दुकानाच्या फरशीला 400. आणि माल साठवण्याच्या जागेला साठ्याच्या उंचीच्या दर मीटरला 240 किलो, पण कोणत्याही परिस्थितीत 750 पेक्षा कमी नाही. माझ्या 120 चौरस फुटांच्या माळ्याला हे लावून पाहा. घराच्या हिशेबाने सव्वादोन टन, गोदामाच्या हिशेबाने आठ टनांच्या वर. आपण माळा बांधतो घरातला समजून आणि वापरतो गोदाम म्हणून. सुतारालाही दोष देता येत नाही. त्याला आपण "सामान ठेवायला माळा" एवढेच सांगतो, तो बिचारा गाद्या आणि भांडी समजतो.

दुसरी चूक कड्यांची, आणि इथे थोडे गणित समजून घ्यावे लागेल. मी उर्दू शाळेत शिकलो, विज्ञानाचे बरेच विसरलो, पण हे एक पाठ करून ठेवण्यासारखे आहे. लाकडाची ताकद त्याच्या रुंदीने साधी वाढते, पण उंचीने वर्गाने वाढते. तीच दोन बाय चारची कडी आडवी झोपवली तर जेवढे वजन पेलते, त्याच्या दुप्पट ती उभ्या धारेवर ठेवली असता पेलते, आणि झोळ एक चतुर्थांश पडतो. लाकूड तेच, पैसे तेच. तरीही बाजारात झोपवलेल्या कड्या मी किती पाहिल्या! कारण विचारले तर सांगतात, "उभी ठेवली की दोन इंच उंची वाया जाते."

लांबीचे गणित याहून वाईट आहे. प्रत्येक फुटावर वजन तेवढेच ठेवून कडीचा गाळा दुप्पट केला, तर तिच्यावरचा ताण चौपट होतो आणि झोळ सोळापट. म्हणजे पाच फुटांवर जी कडी ढिम्म हलत नाही, ती दहा फुटांवर पाळणा होते. मी माझ्या दहा फुटांच्या मधोमध एक जाड तुळई टाकून तिला खाली दोन खांब दिले असते, तर त्याच कड्यांवरचा ताण चौथ्या हिश्शावर आला असता. पण मधला खांब ग्राहकाच्या वाटेत येतो, गादीवर बसलेल्या माणसाला गल्ला दिसत नाही, म्हणून टाकला नाही. माळ्याखालचा खांब नको वाटणे ही कापडवाल्याची खास चूक आहे.

झोळ आला की आपण काय करतो? मी काय केले ते सांगतो. कड्या मधोमध दोन-अडीच इंच खाली आल्या होत्या. मी फळ्यांखाली पाचरी मारून वरचा पृष्ठभाग सपाट केला आणि खालून पडदा लावला. लाकूड वजनाखाली हळूहळू वाकत जाते. आज पेलले म्हणून वर्षानेही पेलेल असे नाही. कायम बसलेल्या वजनाखाली त्याची ताकद थोड्या वेळच्या वजनापेक्षा कमीच भरते. त्यामुळे "सव्वा वर्ष काही झाले नाही" ही माझी दलील उलटी होती, ते सव्वा वर्षच त्याला मोडत होते. नंतर मलबा पाहायला आलेले एक म्हातारे सुतार चाचा मला म्हणाले, "बेटा, रात्री दुकान बंद करताना कुरकुर ऐकली नव्हतीस का?" ऐकली होती. उंदीर समजलो.

कडीला खालच्या अंगाने खाच मारणे हीही अशीच. वायर न्यायला, पडद्याची दांडी अडकवायला कोणी तरी करवतीने अर्धा इंच कापतो. वाकणाऱ्या कडीचा खालचा भाग ताणला जातो, वरचा दाबला जातो. खाली मारलेली खाच म्हणजे ताणलेल्या कापडाला दिलेला कात्रीचा टक्का. तिथूनच फाटणार. लाकडातल्या गाठींचेही तेच. गाठ दिसली तर ती बाजू वर ठेवावी, खाली कधीच नाही.

आता ज्या चुकीने माझा माळा पडला ती. भिंतीवरची फळी.

अमेरिकेत लोक घराच्या मागच्या बाजूला उघडा लाकडी ओटा बांधतात, त्याला ते डेक म्हणतात, आणि पुष्कळ जण सुटीच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधतात. तिकडे असे ओटे कोसळतात तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच निघते की घराच्या भिंतीला लावलेली आधाराची फळी बोल्टने न कसता नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती. वर मेजवानीला माणसे जमली की खिळे सरकतात. आमच्याकडे माणसांच्या जागी गाठी, एवढाच फरक. खिळा हा दोन लाकडे एकमेकांजवळ धरण्यासाठी आहे, चार टन लटकवण्यासाठी नाही. त्यातही मी तो ठोकला कशात? साडेचार इंची भिंतीत, जिच्या चुन्याची केव्हाच माती झाली होती. खिळा आत जाताना भुसभुशीत लागला तेव्हा मला आनंद झाला होता की काम लवकर आटोपते आहे.

साडेचार इंची विटेची भिंत ही पडदी असते, ती स्वतःचे वजन सांभाळते हेच पुष्कळ. नऊ इंची, सिमेंटमधली, शाबूत भिंत असेल तर आरपार बोल्ट आणि दोन्ही बाजूंना मोठी लोखंडी पट्टी चालू शकते. पण आरपार म्हणजे शेजाऱ्याच्या दुकानात, आणि इथे प्रश्न फक्त विटांचा राहत नाही.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीने बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आली आहे की, शेजाऱ्याने शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवण्यास मनाई करू नये. आमच्या बाजारात ही हदीस माळा बांधणाराच जास्त सांगतो! इमाम अहमद यांच्याकडे हा हक्क बंधनकारक मानला गेला, इतर बहुतेक फुकहांनी याला शेजारधर्माचे चांगले वर्तन म्हटले. पण भिंतीला इजा होता कामा नये, ही अट सगळ्यांकडे आहे. ती अट पूर्ण होते की नाही हे ठरवायचे तर भिंत आधी कोणाला तरी दाखवावी लागेल, आणि शेजाऱ्याला आधी विचारावे लागेल. माझा माळा पडला तेव्हा शेजारच्या दुकानातल्या आरशाच्या कपाटामागे फूटभर भेग पडली. त्या सद्गृहस्थांनी एक शब्द काढला नाही. भेग मी बुजवून दिली, पण त्यांच्या गप्प राहण्याची लाज अजून वाटते.

म्हणून माझे मत असे की जुन्या पेठेतला माळा भिंतीला टांगूच नये. तो स्वतःच्या पायांवर उभा करावा. मात्र त्या पायांखालीही पाहावे. आठ टनांचा माळा चार खांबांवर ठेवला तर एका खांबावर दोन टन आले. चार इंच बाय चार इंचाचा खांब फरशीवर टेकवला तर ते दोन टन एका छोट्या चौकोनावर उभे राहतात, आणि फरशीखाली बहुधा भराव असतो, वाळू, विटांचे तुकडे, पूर्वीच्या दुकानाची माती. फरशी फुटते, खांब एक इंच खचतो, आणि एक इंच खचला की त्याचे वजन बाकीच्या तिघांवर जाते. त्या जागची फरशी काढून कठीण जमिनीपर्यंत खोदावे, दोन बाय दोन फुटांचा काँक्रीटचा पाया भरावा, वर लोखंडी पत्र्याची बैठक द्यावी. काळी माती असेल तर जास्तच जपावे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. या कामाला दोन दिवस जातात आणि दुकान धुळीने भरते. तरी करावे.

आणि खांबांना तिरपे टेकू. चार पायांच्या टेबलाला बाजूने धक्का दिला तर ते जसे झुलते तसाच माळा झुलतो, कारण सरळ खाली येणारे वजन खांब घेतात, आडवा धक्का कोणीच घेत नाही. शिडीवरून गाठ वर ढकलताना प्रत्येक वेळी तोच आडवा धक्का बसतो. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांत दोन-दोन फुटांचे लाकूड बोल्टने कसले की झुलणे थांबते. डोक्याला लागते म्हणून लोक ते काढून टाकतात.

लाकडाच्या जातीबद्दल थोडक्यात. साल किंवा साग परवडत नसेल तर थांबावे, पण पेटाऱ्यांचे चीड आणि आंब्याचे लाकूड वजनाच्या कामाला नको. आंब्याला वाळवी आणि भुंगा लवकर लागतो. जुन्या बाजारातले, तुटलेल्या जहाजाचे लाकूड वाईट नसते, फक्त जुन्या खिळ्यांची भोके आणि पोखरलेली टोके पाहून घ्यावीत. भिंतीत घुसणारे टोक आधी कुजते, कारण ओल तिथे असते आणि हवा नसते. वरच्या प्लायचे जोड कडीवरच आले पाहिजेत. प्लाय आठ बाय चारचा येतो, म्हणून कड्या सोळा किंवा चोवीस इंचांवर टाकल्या की जोड बरोबर कडीवर बसतो. वीस इंचांवर टाकल्या की तो अधांतरी लोंबतो आणि मग पाय जातो.

हल्ली बहुतेक जण लाकूड सोडून लोखंडी चॅनेल आणि अँगलचा माळा करतात. वाळवीचा प्रश्न मिटतो, पण अंदाजाचा मिटत नाही. पातळ अँगल, चारही बाजूंनी न भरता दोन टिपक्यांवर सोडलेले वेल्डिंग, आणि तेच खिळ्यांसारखे भिंतीत ठोकलेले स्क्रू. त्यात एक नवी भर पडते. दुकानात माल तसाच ठेवून, वर ताडपत्री टाकून वेल्डिंग करवून घेणारे मी पाहिले आहेत. ठिणगी घडीत शिरली तर ताबडतोब पेट घेत नाही, तासन्‌तास आत धुमसते. शटर बंद झाल्यावर भडका उडतो. वेल्डिंग करायचे तर बाहेर करावे आणि आत फक्त बोल्ट कसावेत, किंवा दुकान पूर्ण रिकामे करावे. तिसरा मार्ग नाही.

आगीचा विषय निघाला म्हणून. माळा झाला की ट्यूबलाइट खाली सरकते, वायर कड्यांच्या खालून खिळ्यांत गुंडाळत जाते, आणि वर एक बल्ब गाठींना चिकटून लोंबतो. वर जाण्याची शिडी एकच, तीही बहुधा मालामागे. आणि रात्री तिथे दुकानातली बाहेरगावची पोरे झोपतात. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागली, त्यात झोपेतले 12 कामगार गेले. आगीत आतला माळा कोसळला होता. 9 मे 2019 च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साडीच्या दुकानाला आग लागली, आत झोपलेले 5 कामगार गेले आणि दाराला बाहेरून कुलूप होते. ही दुसरी बातमी वाचली त्या दिवशी मी माझ्या दुकानाची किल्ली आत खिळ्याला टांगली, आणि आठ दिवसांनी पोरांना झोपायला वेगळी खोली भाड्याने घेतली. आठ दिवस का लागले याला माझ्याकडे उत्तर नाही. तवक्कुल अल्लाहवर असावा. पण मालकाने कुलूप बाहेरून लावून तवक्कुल मजुराला करायला सांगू नये.

राहिला कागदाचा भाग. नगरपालिकेची परवानगी लागते हे बहुतेकांना माहीत असते आणि बहुतेक जण घेत नाहीत. पण पागडीच्या गाळ्यातल्या भाडेकरूंना दुसरा धोका सहसा माहीत नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 प्रमाणे, मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केले तर ते गाळा खाली करून घेण्याचे एक कारण ठरते. कोणती कामे कायमस्वरूपी समजू नयेत याची यादी त्यात दिली आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर वगैरे. माळ्याचे नाव त्यात नाही. माळा कायमस्वरूपी की सुटा, यावर वर्षानुवर्षे खटले चालले आहेत, आणि निकाल तो कसा बसवला आहे, काढता येतो की नाही, यावर फिरतो. भिंतीत कड्या गाडल्या तर मालकाच्या वकिलाचे काम सोपे होते. स्वतःच्या पायांवर उभा, बोल्ट काढून हलवता येणारा माळा तुमची बाजू निदान मांडू तरी देतो. तरीही संमती लेखीच घ्यावी. जुन्या मालकाचे तोंडी "करा, करा" त्यांच्या मुलांना ऐकू येत नाही.

माझा आताचा माळा 2000 चा आहे. इंजिनिअरकडून तखमिना करून घेतला, त्याची फी ऐकून मला घाम फुटला होता. पण पडलेल्या माळ्याखाली खराब झालेला माल त्याच्या किती तरी पट होता, आणि तो पाय वेगळाच. सहा खांब आहेत, मधले दोन अगदी ग्राहकाच्या वाटेत. सव्वीस वर्षांत त्यांना किती जण धडकले असतील याची मोजदाद नाही. एका खांबावर मी पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे, "80 गाठी. त्यापुढे नाही." गेल्या रमजानच्या आधी मुलाने शहाऐंशी चढवल्या होत्या. मी काही बोलण्याआधीच तो जुना पोरगा, आता पंचेचाळिशीचा, खाली बसून मोजत होता. सहा त्याने उतरवायला लावल्या.